घरी चार मिनिटांची व्हॉइस नोट, आणि माइकवर आवाज गायब

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"काकू, मी 38 वर्षांची, घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहते, नोकरी ऐरोलीला. यावर्षी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले, म्हणजे केली मला, कारण दुसरं कोणी हातच वर करत नव्हतं. आता सप्टेंबरात एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि रेन वॉटर हार्वेस्टिंगचा, म्हणजे पावसाचं पाणी अडवून वापरायचा विषय मला मांडायचाय. मागच्या गणपतीत बक्षीस समारंभाला माझ्या हातात माइक दिला, दोन वाक्यं बोलले आणि डोकं एकदम कोरं. शेवटी जय हिंद जय महाराष्ट्र म्हणून बसले. मुलगा घरी येऊन विचारतो, आई तू मध्येच का थांबलीस? चौथीत असताना 1 ऑगस्टच्या भाषणात सेम असंच झालं होतं. मैत्रिणींसमोर मी नॉनस्टॉप बोलते हो, माझ्या व्हॉइस नोट चार चार मिनिटांच्या असतात, सगळ्या हसतात त्यावर. शुद्ध मराठी मला येत नाही आणि अर्धी सोसायटी मराठी नाही. कॉन्फिडन्स कसा आणू, आणि लोकांनी मोबाइल सोडून ऐकावं असं कसं बोलू? भाषण लिहून पाठ करायला घेतलंय, तपासायला पाठवू का?"

अगं, काकू म्हणालीस म्हणजे आता मी तुला तूच म्हणणार. भाषण पाठवू नकोस. आणि ते पाठ करणं आजच्या आज बंद कर, कारण तुझा सगळा घोळ तिथेच आहे असं मला वाटतं, आणि तो घोळ तू स्वतःच पत्रात लिहून दिलायस, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही.

1 ऑगस्ट म्हणजे टिळक पुण्यतिथी. आपल्यापैकी निम्म्या लोकांचं पहिलं भाषण त्याच दिवशी झालेलं असतं. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी आज तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती. मग शेंगा, मग टरफलं, मग सिंहगर्जना. बाईंनी लिहून दिलेलं, आईने घोकून घेतलेलं, आणि त्यात एक शब्द अडला की पुढची अख्खी गाडी कळव्याच्या सिग्नलला अडकल्यासारखी जागच्या जागी थांबायची. तिथे आपण काय शिकलो? भाषण म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं, आपण एरवी कधीच बोलत नाही अशा भाषेतलं काहीतरी न चुकता म्हणून दाखवणं. थांबलो की नापास आणि वर्ग हसणार. तू गणपतीत माइक घेतलास तेव्हा 38 वर्षांची सेक्रेटरी नव्हतीस, चौथीतली होतीस. म्हणून डोकं कोरं झालं.

पाठ केलेल्याची गंमत अशी आहे की एक वाक्य पुढच्या वाक्याला बोट धरून आणतं. मधलं एक बोट सुटलं की मागून कोणीच येत नाही. पण परवा टँकरवाला उशिरा आला ते मैत्रिणीला सांगताना तू कधी अडकलीस का? नाहीच अडकणार, कारण तिथे तुला शब्द आठवायचे नसतात, घडलेलं दिसत असतं आणि तू ते बघून सांगत असतेस.

तेव्हा काम असं करायचं. कागद पेन घ्यायचंच नाही. बहिणीला किंवा ज्या मैत्रिणीशी जास्तीत जास्त बोलतेस तिला एक व्हॉइस नोट पाठव, "अगं ऐक ना, आमच्या सोसायटीत पाण्याचं असं झालंय आणि मला असं करायचंय". चारच काय, सहा मिनिटांची होऊ दे. मग आपली आपण ऐक. स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकायला सगळ्यांनाच विचित्र वाटतो, कारण एरवी आपण तो हाडांतूनही ऐकत असतो आणि त्यामुळे तो आपल्याला जास्त भारदस्त वाटतो, तर ते मनावर घेऊ नकोस. कुठे तुझा आवाज तापला, कुठे हसलीस, कुठे बोअर मारलंस ते बघ. जिथे तापला ते तुझं भाषण. बाकीचं काढून टाक. मग दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी सांग, आधीचं न ऐकता. शब्द बदलतील, बदलू देत. असं पाच सहा वेळा झालं की विषय पाठ होतो, वाक्यं पाठ करावी लागत नाहीत. पाठ करायची ती फक्त दोन, पहिलं आणि शेवटचं. पहिलं कारण तेव्हा छाती सगळ्यात जास्त धडधडत असते, आणि शेवटचं कारण ते नसलं की माणूस उतरायची जागा शोधत फिरत राहतो आणि मग जय हिंद जय महाराष्ट्र करावं लागतं.

किती वेळ बोलायचं? पाच मिनिटं. माणूस समजेल असं बोलतो तेव्हा मिनिटाला साधारण 120 ते 150 शब्द जातात, म्हणजे पाच मिनिटांत सहाशे सातशे शब्द झाले, त्यात एकच मुद्दा नीट बसतो. तू म्हणशील मला तर तीन सांगायचेत, पाणी, पार्किंग आणि लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार. पार्किंग आणि लिफ्ट दुसऱ्या कोणाला तरी मांडू दे बाई.

आता भीतीचं. ती जाईल असं मी सांगणार नाही. मी बँकेत 31 वर्षं काउंटरला काढली आणि ठाण्यात नौपाड्याला हळदीकुंकवापासून ते सत्कार समारंभापर्यंत सूत्रसंचालन केलं, अजून माझे तळहात ओले होतात. शरीराला वाटतं समोर वाघ आहे, ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, लाळ आटते म्हणून तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. हा काही तुझ्यातला दोष नव्हे, यंत्र बरोबर चाललंय, फक्त वाघाऐवजी तळमजल्याचे काका बसलेत. यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे श्वास, आणि तोही घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं. चार मोजत घे, सहा किंवा आठ मोजत सोड, आठ दहा वेळा, खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाला कळतही नाही. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात, म्हणून तो भाग लांबवायचा. कोमट पाणी जवळ ठेव. आणि हातात एफोर कागद अजिबात धरू नकोस, बोटं जेवढी हलतात त्याच्या दहापट तो कागद फडफडतो आणि सगळ्यांना दिसतो. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर चार शब्द मोठ्या अक्षरात लिही, तेवढं पुरतं (पत्रिका सगळ्यांच्या घरी साठलेल्या असतातच).

बाकी, आपली भीती लोकांना दिसते हे आपल्याला वाटतं तेवढं खरं नसतं. 2000 साली छापून आलेला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग आहे, त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचं तोंड छापलेला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी बघितला असेल? त्यांना वाटलं जवळपास अर्ध्यांनी. प्रत्यक्षात सांगता आलं ते जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लोकांना. तो प्रयोग करणाऱ्या संशोधकांपैकीच दोघांनी पुढे 2003 मध्ये भाषणावरच प्रयोग केला, ज्यांना आधी समजावलं की तुमची धडधड तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही, त्यांची भाषणं इतरांपेक्षा बरी झाली, ऐकणाऱ्यांच्या मतेसुद्धा. नुसतं सांगितल्याने! म्हणून मीही तुला सांगून ठेवतेय.

माझा स्वतःचा पुरावा जास्त पक्का आहे. फार वर्षांपूर्वी एका मंडळाच्या कार्यक्रमात मी प्रमुख पाहुण्यांचं नाव चुकवलं, आणि चुकवलं ते कसं तर त्यांच्या शेजारच्या वॉर्डातल्या विरोधकाचं नाव घेतलं, तेही मोठ्याने, पूर्ण आडनावासकट. मैदानात जरा कुजबुज झाली, मी सॉरी म्हणून बरोबर नाव घेतलं आणि पुढे गेले, पण रात्रभर झोपले नाही, पुढची दोन वर्षं माइकला हात लावला नाही. मग एकदा हेच गृहस्थ तलावपाळीला फेरी मारताना भेटले, मी धीर करून विषय काढला. त्यांना काहीच आठवेना. त्या दिवसाचं आठवत होतं ते एवढंच की सत्काराची शाल फार टोचत होती. मी दोन वर्षं फुकट घालवली ना.

आणि मोठ्या माणसांचं ऐकायचं तर गांधीजी. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिलीच केस, उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, अशिलाच्या माणसाला म्हणाले दुसरा वकील करा, आणि 30 रुपये फी परत दिली. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे ते काही अत्र्यांसारखे मैदान हलवणारे वक्ते झाले नाहीत, शेवटपर्यंत हळूच बोलायचे, पण लोक कान देऊन ऐकायचे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे चांगला वक्ता म्हणजे घसा ताणून बोलणारा असं समीकरण झालंय. तुझा आवाज बारीक आहे तर बारीकच राहू दे, माइक त्यासाठीच असतो.

बरं माइक. याबद्दल कोणी सांगत नाही. तोंडापासून तीन चार बोटं लांब, हनुवटीच्या जरा खाली, आणि मान वळवलीस की माइकही बरोबर वळव. फू फू करायचं नाही, टकटक करायचं नाही, हॅलो हॅलो माइक टेस्टिंग करायचं नाही, ते आधी लोक यायच्या आत उरकून ठेव. स्पीकरच्या समोर माइक घेऊन उभी राहू नकोस, नाहीतर तो कुईईई आवाज येतो, स्पीकरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि फिरत वाढत जातो म्हणून, तेव्हा घाबरून हाताने माइकचं डोकं झाकू नकोस, त्याने अजूनच वाढतं, दोन पावलं बाजूला हो. तुमची सभा स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमध्ये असेल ना? मग आवाज घुमणार. तिथे जरा हळू बोल आणि वाक्य संपलं की थांब, आधीचं वाक्य खांबांना धडकून परत येईपर्यंत.

थांबणं हीच खरी अवघड गोष्ट आहे. आपल्याला दोन सेकंद शांतता झाली की वाटतं गेलं सगळं, आणि मग आपण ती भरायला लागतो, म्हणजे, ॲक्च्युअली, काय आहे की, बेसिकली. समोरच्याला ते दोन सेकंद हवे असतात. काही आठवलं नाही तर तोंड बंद ठेवून पुठ्ठ्याकडे बघ, निवांत, एक घोट पाणी पी, परत वर बघ. लोकांना वाटतं बाई विचार करून बोलतायत.

आता लोकांनी मोबाइल कसा सोडावा. तू लिहिलंयस की पाण्यावर वर्षाला 5 लाख गेले. हा आकडा असा सांगितलास तर मागची रांग रील्स बघणार. 5 लाख हा कोणाचाच आकडा नाही, सोसायटीचा आहे, आणि सोसायटी म्हणजे दुसरं कोणीतरी. तुझ्याच पत्रातला हिशोब: 80 फ्लॅट, 100 दिवस, रोज 2 टँकर, एकाचे 2,500. आता हे असं बोलून बघ.

"मे महिन्यात ज्यांनी एका बादलीत आंघोळ केली त्यांनी जरा हात वर करा." आणि थांब. हात वर होतील, लोक एकमेकांकडे बघून हसतील, कोणीतरी म्हणेल एक बादली? आमच्याकडे अर्धी! सगळ्यांच्या नजरा आता तुझ्यावर नाहीत, एकमेकांवर आहेत, तुला श्वास घ्यायला वेळ मिळाला. मग: "त्या बादलीसाठी आपण प्रत्येकाने सव्वासहा हजार रुपये दिलेत. एका घराचे सव्वासहा हजार. आणि जुलैत आपल्याच गच्चीवरचं पाणी आपण पाइपाने गटारात सोडतो." बस. विषय मांडून झाला. यानंतर तू कोटेशन सांग, बोअरवेलच्या बाजूला खड्डा कसा घ्यायचा ते सांग, लोक ऐकणार कारण आता तो त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे. आपल्याकडे पाऊस बख्खळ पडतो आणि मार्चपासून टँकर लागतो हे सगळ्यांना माहितीये, नवीन काही सांगायचंच नाहीये तुला, त्यांना माहीत असलेलं त्यांच्यासमोर नीट मांडायचंय फक्त.

शुद्ध मराठीचं टेन्शन सोड. जे मराठी तू मला पत्रात लिहिलंस तेच बोल. "सदर प्रस्ताव आपणासमोर सादर करताना मला अत्यंत आनंद होत आहे" हे मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहायचं, तोंडाने बोलायचं नाही. आणि बाकीच्यांसाठी अख्खं भाषण दोनदा करू नकोस, मराठीत बोल, मग तो सव्वासहा हजारवाला भाग तेवढा हिंदीत एकदा सांग, "हर घर का छे हजार ढाई सौ", की गुजराती भाभी आणि केरळचे अंकल दोघंही मान वर करतात. पैशाचा आकडा सगळ्या भाषांत कळतो.

आता तुझ्या सभेचा एक फायदा सांगते जो मोठमोठ्या वक्त्यांना मिळत नाही. कोरम. म्हणजे सभा सुरू करायला लागणारी किमान हजेरी, ती कुठल्या सोसायटीत वेळेवर भरलीय? सभा अर्धा तास तहकूब होणार आणि मग तिथेच परत सुरू होणार, नोटिशीतच लिहिलेलं असतं. हा अर्धा तास बहुतेक सेक्रेटरी टेबलामागे बसून कागद चाळत घाबरण्यात घालवतात. तू उठ आणि खुर्च्यांमधून फीर. काय काकू गुडघा कसाय, काय रे तुझं दहावीचं काय झालं, तुमच्याकडे परवा पाणी आलं का नीट. दहा जणांशी बोललीस की उभी राहशील तेव्हा समोर 60 अनोळखी तोंडं नसतील, मघाशी बोललेली दहा असतील. त्यातली तीन निवड, एक डावीकडचं, एक उजवीकडचं, एक मागचं, आणि एक एक वाक्य एकेकाला सांग. सगळ्यांकडे बघायचं म्हणून नजर पंख्यासारखी फिरवू नकोस, कोणाकडेच बघितल्यासारखं होत नाही.

मग काका उठणार. प्रत्येक सभेत एक असतातच, 2011 पासूनचा हिशोब मागणारे. त्यांना मध्ये तोडू नकोस, पूर्ण बोलू दे, मग त्यांचा प्रश्न माइकवर एका वाक्यात परत म्हण, "काका विचारतायत की मेंटेनन्स वाढणार का", कारण मागच्यांना तो ऐकूच गेलेला नसतो आणि परत म्हणता म्हणता तुला विचार करायला चार सेकंद मिळतात. उत्तर दोन वाक्यांत दे, आणि काकांकडे बघून सुरू केलंस तरी संपव सगळ्यांकडे बघून, नाहीतर तो तुमचा दोघांचा खाजगी संवाद होतो आणि बाकीचे चहाला उठतात. माहिती नसेल तर सरळ सांग, आत्ता माझ्याकडे नाहीये, मिनिट्समध्ये घेते आणि लेखी कळवते. सेक्रेटरीला सगळं तोंडपाठ असलं पाहिजे असा काही नियम नाही.

हे झालं या सभेपुरतं. पुढे खरंच आवड लागली (लागते, मी बघितलंय) तर ठाण्यात आणि नवी मुंबईत टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत, ही बोलण्याचा सराव करून घेणारी, 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था, पाहुणी म्हणून जाऊन नुसतं बघता येतं. तिथे एक माणूस फक्त तुझे अं अं आणि सो सो मोजायला बसवलेला असतो, ऐकायला भयंकर वाटतं पण दोन मीटिंगमध्ये कान तयार होतो. पाच ते सात मिनिटांची भाषणं असतात, वेळ दाखवायला हिरवा पिवळा लाल दिवा, आणि मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे आयत्या वेळी विषय देऊन एक दोन मिनिटं बोलायला लावतात, पाठ करायला वावच नाही! तुझ्यासारखीला औषध आहे ते. इंग्रजीत चालतं बऱ्याच ठिकाणी, तेवढं आधी विचारून घे.

आणि फुकट शिकायचं तर ऐकायला जा. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, ये एखाद्या संध्याकाळी, स्वेटर घेऊन, मैदानात गारठा असतो. पण वक्त्याकडे बघू नकोस फार, लोकांकडे बघ. कुठे खोकला सुरू होतो, कुठे खुर्च्या करकरतात, कुठे मागचा माणूस घड्याळ बघतो आणि कुठे हे सगळं अचानक बंद होतं. बंद झालं की लक्ष दे, हमखास वक्ता त्यावेळी कोणाची तरी गोष्ट सांगत असतो, किंवा गप्प झालेला असतो. मी इतकी वर्षं ऐकतेय, अलंकारिक वाक्यावर असं झालेलं फार कमी वेळा बघितलं, त्यावर टाळ्या पडतात, ते वेगळं.

सभेची नोटीस 14 दिवस आधी काढावी लागते हे तुला आता माहीत झालंच असेल, म्हणजे नोटीस लागली की तुझ्याकडे दोन आठवडे आहेत. रोज एक व्हॉइस नोट धर. ऐरोलीहून येताना घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर असतोच हातात. शेवटचे दोन दिवस मुलासमोर उभं राहून बोल, तोच मघाचा मध्येच का थांबलीस विचारणारा, त्याला सांग आई थांबली की हाताने मोजायचं किती सेकंद, त्याला मजा येईल आणि तुला थांबायची सवय होईल.

सभेच्या दिवशी अर्धा तास आधी खाली जा, माइकवाल्या मुलाचं नाव विचारून घे आणि त्याला सांग मी बोलताना आवाज कमी जास्त करू नकोस. आणि चहा वडा तुझा विषय झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही हे वॉचमनला बजावून ठेव, एकदा का वड्याचा वास सुटला की काकासुद्धा हिशोब मागत नाहीत.